कागदांत हरवलेली पणजी

घरात सगळे एकत्र जेवायला बसले की एकदा विचारून पाहा, आपल्या आजोबांच्या वडिलांचे नाव काय? बहुतेक घरांत उत्तर मिळते. शेतीच्या कागदांवर, घरपट्टीवर, मशिदीच्या जुन्या वहीत कुठेतरी ते नाव असते आणि घरातल्या एखाद्या बुजुर्गाला ते पाठही असते. आता दुसरा प्रश्न विचारा. त्यांच्या आईचे नाव काय? ती कोणत्या गावची, कोणाची लेक? इथे ताटावरचे हात थांबतात. कोणी म्हणते, म्हसळ्याची होती. कोणी म्हणते, नाही, तिला सगळे ‘बी’च म्हणायचे, खरे नाव कोणाला माहीत?

ज्या बाईच्या पोटी आपले सगळे घराणे जन्मले तिचे नाव चार पिढ्यांत पुसले जाते, आणि तिच्या भावाच्या नावावरचा खाचराचा तुकडा मात्र सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, गुंठे आणि आकारासह जसाच्या तसा कागदावर राहतो. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आपल्या घरांनी वंशावळ शोधायला घेतली, तर खरे काम या पुसलेल्या नावांचे आहे.

असा शोध शास्त्रशुद्ध रीतीने घ्यायला शिकवणारी पुस्तके सर्वांत जास्त निघाली ती अमेरिकेत. तिथले जवळजवळ प्रत्येक घर कधी ना कधी दुसरीकडून आलेले, म्हणून ‘आम्ही कोण, कुठले’ हा प्रश्न तिथे घरोघरी आहे. सॉल्ट लेक सिटीत याच विषयाला वाहिलेले प्रचंड ग्रंथालय आहे आणि ते सर्वांना मोफत खुले आहे. व्हॅल ग्रीनवूड यांचे १९७३चे मार्गदर्शक, १९८४चे ‘द सोर्स’, १९४७पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेलेले एव्हर्टन यांचे ‘द हँडी बुक फॉर जीनिऑलॉजिस्ट्स’ अशी जाडजूड पुस्तके तिथे लोक हाताशी ठेवतात.

त्यांचा मुख्य आधार जनगणनेचा. अमेरिकेत १७९०पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि बहात्तर वर्षे उलटली की घराघराची यादी लोकांना पाहायला खुली होते. १९५०ची यादी १ एप्रिल २०२२ला खुली झाली. पण या यादीतही एक मोठी भिंत आहे. १८५०पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आले, गुलामांचे नाही. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली वय, स्त्री की पुरुष, रंग एवढेच. बहुतेक काळ्या कुटुंबांना आपल्या पूर्वजांचे नाव जनगणनेत पहिल्यांदा भेटते ते १८७० साली.

याच भिंतीपलीकडे जाण्याचा प्रयत्न ॲलेक्स हेली यांनी ‘रूट्स’मध्ये केला. १९७६ साली आलेल्या या पुस्तकातला पहिला पूर्वज गाम्बियाच्या जुफुरे गावातला कुंटा किंटे, हा मुसलमान तरुण आहे. पुस्तकाने अमेरिकेत वंशावळीची लाटच आणली. पुढे अभ्यासकांनी व्हर्जिनियातली मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा पुस्तकातल्या बऱ्याच दुव्यांचा मेळ बसेना. कहाणी मोठीच होती, पण ती कागदाशी ताडून पाहिलेली नव्हती. आपल्या बुजुर्गांच्या आठवणी ऐकतानाही हे ध्यानात असावे. आठवण जरूर लिहून घ्यावी, पण तिच्यापुढे ‘कोणी सांगितले, कधी सांगितले’ हेही लिहावे आणि कागद मिळेपर्यंत तिला पेन्सिलीतच ठेवावे.

आपल्याकडे जनगणनेचे दार बंद आहे. १९४८च्या जनगणना कायद्याने घराघराची माहिती गोपनीय ठरते; पन्नास वर्षांनी असो की शंभर, ती कोणाला पाहता येत नाही. पण अमेरिकेच्या त्या ‘हँडी बुक’मधली एक गोष्ट आपल्याला तंतोतंत लागू पडते. त्या पुस्तकात प्रत्येक काउंटीपुढे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यापुढे, ती कोणत्या साली आणि कोणत्या जुन्या काउंटीतून निघाली हे दिलेले असते. कारण सरळ आहे. माणूस एकाच घरात जन्मला आणि त्याच घरात वारला, तरी मधल्या काळात हद्द सरकली असेल तर त्याचे कागद दोन वेगळ्या कचेऱ्यांत पडतात.

आता नागोठण्याचे पाहा. आज नागोठणे रोहा तालुक्यात आहे. इंग्रजी अमदानीत मात्र तो पेण तालुक्यातला एक पेटा होता. १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या अकराव्या खंडात, म्हणजे ‘कुलाबा आणि जंजिरा’ या खंडात, तो पेणखाली सापडतो. जिल्ह्याचे नाव त्या वेळी कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली आले. म्हणजे नागोठण्याच्या एखाद्या घराने पणजोबांचा कागद रोह्याच्या तहसील कचेरीत मागितला आणि ‘आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले, तर तो कागदच नाही असे समजून परत फिरू नये. अर्ज पेणला करावा, तिथेही नसेल तर अलिबागला जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात करावा. अर्जात गावाचे नाव, जुना तालुका, जुना पेटा आणि ‘जिल्हा कुलाबा’ असे सगळे लिहावे.

हे गॅझेटिअर घराण्याचा शोध घेणाऱ्याने एकदा तरी चाळावेच. राज्य शासनाच्या गॅझेटिअर विभागाने ते ऑनलाइन ठेवले आहे, आणि १९६४चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअरही तिथे आहे. नागोठण्याजवळचा जुना दगडी पूल चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांनी १५८०च्या सुमारास बांधला, अशी नोंद त्यात आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका काझीचे नाव पुलामुळे टिकले. त्यांच्या घरातल्या बायकांविषयी, अर्थातच, अक्षर नाही.

हद्दीचा हा घोळ बाईच्या बाबतीत आणखी वाढतो. रोह्याच्या घरात म्हसळ्याची, मुरूडची किंवा श्रीवर्धनची सून येणे हे आपल्याकडे नेहमीचेच. पण १९४८पर्यंत ही गावे जंजिरा संस्थानात होती आणि रोहा इंग्रजी मुलखात. पणजीचे सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात. तिच्या वडिलांची जमीन, भावांची नावे, घराण्याचे मूळ हे सगळे नवाबाच्या दप्तरात. सासरकडच्या कागदांत ती कितीही शोधली तरी अर्धीच सापडणार.

आता कागदांकडे वळू. आपल्या भागात सर्वांत भरवशाचा कागद जमिनीचा. १९०३च्या कायद्यापासून मुंबई इलाख्यात हक्कनोंदी सुरू झाल्या, त्यांतूनच आजचा सातबारा घडला. सातबारा आज कोणाच्या नावावर काय आहे ते सांगतो. ते नाव कसे आले, हे सांगतो तो फेरफार, गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे क्रमांक. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घ्यायचा, त्या फेरफाराची नक्कल मागायची आणि एकेक पायरी मागे जायचे. वारसांची नोंदवही वेगळी असते, ती सहा-क. त्याहून जुने मूळ मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. बरेच जुने उतारे आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा साधा अर्ज करायचा. फी किरकोळ असते. लागतो तो वेळ, आणि दोन-तीन खेपा घालण्याची तयारी.

जुने कागद मोडीत असतील तर गोंधळून जायचे कारण नाही. पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून तर मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. मराठी कागदांतले काही शब्द मात्र आधीच माहीत हवेत. ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, नाबालिग वारसाचा पालक. नावांच्या लेखनाचा तर नेमच नाही. एकच माणूस एका कागदात अब्दुल रहमान, दुसऱ्यात अ. रहिमान, तिसऱ्यात नुसता रहिमान असतो. आडनावही तसेच. एका पिढीत काझी किंवा मुकादम हे कामावरून आलेले आडनाव, पुढच्या पिढीत गावावरून आलेले ‘-कर’. म्हणून नावापेक्षा सर्व्हे नंबर धरून शोधावे. जमीन जागची हलत नाही.

या फेरफारांत बाई कुठे भेटते? फार थोड्या ठिकाणी. बाप वारला, नोंद झाली, ‘मयताचे वारस मुलगे’ म्हणून दोन-तीन नावे लिहिली आणि काम संपले. मुली होत्या की नव्हत्या, याचा पत्ताच नाही. आणि जिथे मुलींची नावे येतात, तिथे पुष्कळदा पुढच्याच ओळीत असते की सदर बहिणींनी आपला हक्क भावांच्या लाभात सोडला आहे. खाली अंगठा. आपली पणजी किंवा फुफी तिच्या स्वतःच्या नावाने सरकारी कागदात एकदाच आली आणि ती आली ते बाहेर पडण्यासाठी.

वंशावळ शोधणाऱ्याला ही ओळ सोन्यासारखी. तिच्यात बहिणीचे नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे, कधी सासरचे गावही आहे. पण घरातल्या मोठ्या माणसांना ती ओळ नकोशी असते. म्हणूनच जुन्या फेरफाराची नक्कल आणतो म्हटले की काही घरांत लगेच विचारणा होते, ‘आता हे कशाला उकरतोस?’ विचारणाऱ्याला वंशावळीचे वाकडे नसते. या कागदातून फुफीची नातवंडे उद्या दारात येतील, ही धास्ती असते.

धास्ती खोटीही नाही. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. मुलाच्या निम्मा, पण ठरलेला, आणि मालमत्ता थोडी असो की पुष्कळ. भावाने द्यायची ती भेट नव्हे. शिवाय मुस्लिम कायद्यात वारसाचा हक्क बाप वारल्यावरच जन्मतो, त्यामुळे बाप जिवंत असताना बहिणीकडून घेतलेले नुसते सोडणे कायद्याच्या दृष्टीने लंगडे ठरते. आणि फेरफाराची नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी मिळत नाही व संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. याचा अर्थ प्रत्येक जुना फेरफार आज उलटता येईल असा नाही. मुदत, मधले व्यवहार, ताबा असे पुष्कळ प्रश्न असतात आणि त्यासाठी वकिलाचाच सल्ला घ्यावा. माझे मत एवढेच की कागद सापडला तर तो लपवू नये. फुफीच्या नातवंडांना त्याची एक झेरॉक्स द्यावी. त्यांना बहुधा जमिनीपेक्षा तिचे नाव आणि अंगठा पाहूनच भरून येईल, आणि जमीन हवी असेल तर ती मागण्याचा त्यांना अधिकार आहे की नाही हे लपवाछपवीने ठरणार नाही.

बाईचे नाव सापडण्याच्या दुसऱ्या जागा आहेत आणि त्या लोकांना सहसा सुचत नाहीत. पहिली जागा विधवेची. नवरा तरुणपणी वारला आणि मुले लहान असली तर सातबाऱ्यावर मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ म्हणून तिचे नाव लागते. कूळ कायद्याच्या कागदांतही असेच. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली, पण मालक विधवा किंवा नाबालिग असेल तर कलम ३२-फ प्रमाणे ती खरेदी पुढे ढकलली जाई. म्हणून त्या काळातल्या जमिनींच्या कागदांत विधवा मालकिणीची नावे येतात. पेण-रोह्यातल्या ज्या घरांचे कर्ते पुरुष मुंबईत किंवा परदेशात होते आणि जमीन कुळांकडे होती, त्यांनी ३२-गच्या प्रकरणांच्या नकला जरूर मागाव्यात. वारसांचे जबाब त्यांत असतात.

दुसरी जागा मेहेरची. मेहेरपोटी नवऱ्याने बायकोला जमीन किंवा घर लिहून दिले असेल तर त्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असू शकतो. तिथल्या सूचीत गावाप्रमाणे व नावाप्रमाणे शोध घेता येतो. ‘कोम’ असलेली बाई इथे पहिल्यांदा मालकीण म्हणून उभी राहते.

आणि सर्वांत महत्त्वाची जागा आपल्याच हातात आहे, ती म्हणजे निकाहाचे रजिस्टर. काझींच्या किंवा जमातीच्या वहीत वधूचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, मेहेरची रक्कम, वकील आणि साक्षीदार असतात. वकील आणि साक्षीदार बहुधा मामा, चाचा, बहनोई असे जवळचेच असतात, म्हणजे एका पानावर दोन घराणी मांडलेली. या वह्या कुठे आहेत? काही मशिदीच्या कपाटात, काही जुन्या काझी घराण्याच्या माळ्यावर, काही वाळवीच्या पोटात. कोकणातला पाऊस कागदाला सोडत नाही. जुलै १९८९च्या पुरात अंबा नदीने जांभूळपाडा उद्ध्वस्त केला, त्यात नदीकाठच्या घरांतल्या ट्रंका गेल्या त्या गेल्याच. जमातीच्या सदरांना आणि मुतवल्लींना विनंती आहे की जुन्या वह्यांची पाने मोबाइलवर का होईना, नीट उजेडात एकेक करून टिपून ठेवावीत. हे एका रविवारचे काम आहे आणि ते पोरे आनंदाने करतील.

आपल्या परंपरेत तरी बाईचे नाव असे झाकलेले नव्हते. हजरत खदीजा बिन्ते खुवैलिद, हजरत आयशा बिन्ते अबू बक्र ही नावे चौदाशे वर्षे वडिलांच्या नावासह घेतली जातात. निकाहाने बाप बदलत नाही. इब्ने साद (वफात हिजरी २३०) यांच्या ‘तबकात’ या चरित्रकोशाचा शेवटचा भाग तर बायकांच्याच नोंदींचा आहे. ‘कोम’ ही तलाठ्याच्या दप्तराची रीत, दीनची नव्हे.

बाकीचे कागद थोडक्यात. जन्म-मृत्यूच्या नोंदी १९७०पासून नव्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत. त्याआधीच्या गावच्या नोंदी कोतवाल बुकात. त्यांत बाळाचे नाव नसते, ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढेच असते, तरी तारीख पक्की मिळते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. एक जूनला जन्मलेल्यांची संख्या आपल्याकडे फारच मोठी आहे! उर्दू शाळांची जुनी रजिस्टरे मुलींसाठी उपयोगाची, कारण तिथे मुलगी कोणाची बायको नसते, कोणाची तरी लेक असते. मुस्लिम ओबीसींच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा लागतो, तोही पुष्कळदा इथूनच किंवा कोतवाल बुकातून निघतो.

तारीखच नसेल तर बुजुर्गांना घटना विचाराव्यात. ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘रामदास बुडाली तेव्हा मी रांगत होते’ असे सांगणाऱ्या नानीचे जन्मसाल त्यावरून काढता येते. हिजरी सालाचे ग्रेगोरियन साल करताना दरवर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक धरावा लागतो. १३०० हिजरी नोव्हेंबर १८८२मध्ये सुरू झाले, एवढा एक खुंटा लक्षात ठेवला तरी पुष्कळ काम होते.

जहाजावर गेलेल्यांचा मागही लागू शकतो. सीडीसी, म्हणजे जहाजाच्या नोकरीचे पुस्तक, घरात असेल तर जपावे. महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत ऑनलाइन आहेत. काही नावांपुढे वडिलांचे, बायकोचे नाव आणि गावही मिळते. १९१५ सालच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या खलाशी-याद्याही मोफत पाहता येतात.

एक सावधगिरी. शोध सुरू झाला की लवकरच कोणीतरी तयार शिजरा घेऊन येतो, जो तीन पानांत थेट अरबस्तानात पोहोचतो. अमेरिकेतही अर्ध्या लोकांना आपले पूर्वज ‘मेफ्लॉवर’ जहाजातूनच आले असे वाटते. कोकणच्या किनाऱ्यावर अरब व्यापारी आले, वसले, हा इतिहास आहे. पण आपल्या पणजोबांपासून तिथवरची प्रत्येक कडी कागदाने जोडलेली नसेल तर तो शिजरा भिंतीवर लावायला ठीक. नातेसंबंध जपता येतील इतका आपला वंश जाणून घ्या, असे हदीसमध्ये आहे. त्या हिशेबाने अरबस्तानातल्या पंधराव्या पूर्वजापेक्षा म्हसळ्यातली पणजीच्या भावाची नातवंडे आधी.

सुरुवात जिवंत माणसांपासून करावी, आणि आज करावी. शंभर पानी वही घ्यावी. घरातल्या प्रत्येक बाईला एक पूर्ण पान. वर तिचे नाव आणि वडिलांचे नाव, मग आईचे नाव, माहेरचे गाव, तेव्हाचा तालुका, निकाहाचे साल, मेहेर, वकील कोण, मुले-मुली सगळ्या क्रमाने, लहानपणी गेलेलीसुद्धा. प्रत्येक ओळीपुढे ती कुठून कळली ते. पुढच्या वेळी घरात कोणाचा इन्तकाल झाला आणि वारस नोंदीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायची वेळ आली, की ही वही घेऊन जावे. नमुन्यात मुलींसाठी वेगळी जागा सोडलेली नसली तरी त्यांची नावे लिहायला कोणी अडवत नाही.